कोरं नख

मी ऑक्सिमीटर. बोटाला चिमट्यासारखा लावतात ना, तोच. रक्तात प्राणवायू किती आहे, तेवढा आकडा मला सांगता येतो. ओरडता मात्र येत नाही.

कारखान्यात माझा डोळा पहिल्यांदा उघडला तो तपासणाऱ्या बाईंच्या बोटावर. पुढे एका नर्सबाईंनी मला विकत घेतलं. त्या निवृत्त झाल्यावर मीही त्यांच्या खणात थर्मामीटरशेजारी निवृत्त झालो.

मग त्यांच्या मुलाचं लग्न झालं आणि जोडपं उंच डोंगरात फिरायला निघालं. बाईंनी मला सुनेच्या पर्समध्ये कोंबलं.

"वर हवा विरळ असते. रोज दोनदा लावा. आणि ह्याच्या 'मला काही होत नाही'वर विसंबू नकोस. शाळेची सहल असली की ताप लपवायला हा थर्मामीटर गार पाण्यात बुडवायचा!"

सून नुसती हसली. ती बोलायची कमी, बघायची जास्त.

पहिल्या मुक्कामी नवऱ्याच्या बोटावर मी नव्वद दाखवले, तिच्या बोटावर चौऱ्याहत्तर. तिच्या नखांवर गडद नेलपॉलिश होतं. माझा उजेड त्यातून धड जाईना. पण हे सांगणार कसं?

"धडधाकट बायकोला आजारी ठरवतोय! थापाड्या आहे हा," नवरा म्हणाला. तेच माझं नाव पडलं. ती आपल्या नखांकडे बघत राहिली.

तिथे दोन दिवस थांबून अंगाला उंचीची सवय करायची होती. त्याने एकच दिवस पुरे म्हटलं.

"साहेब, उंचीशी मस्ती नको," गाडीवाले काका म्हणाले.

"काका, अजून म्हातारा नाही झालो!"

गाडी थेट वरच्या गावी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डोकं ठणकत होतं. घेतलेला चहा उलटून पडला. बसल्या जागी धाप लागत होती, ओठ निळसर झाले होते. तिने मला त्याच्या बोटाला लावलं.

चौसष्ट.

"थापाड्या... तो," तो हसला. शब्द जड येत होते.

एकदा खोटा ठरलेल्याचं खरं कोण ऐकणार? चौसष्ट, चौसष्ट, एवढंच मी लुकलुकत राहिलो.

तिने खोलीची किल्ली घेतली आणि आपल्या एका बोटाचं नेलपॉलिश खरवडून काढलं. पार नख दुखेपर्यंत. मला त्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी. मग त्याचा गार हात तळव्यांत चोळून ऊबदार केला आणि पुन्हा लावलं.

त्रेसष्ट.

"फरशीच्या या रेघेवरून चालून दाखव."

"मी काय दारू प्यायलोय?"

तिसऱ्या पावलाला त्याने कपाट धरलं.

तिने खिडकी उघडून हाक मारली. तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "काका, गाडी काढा! आत्ता खाली जायचंय!"

"अगं, एक दिवस पडून राहतो..."

"गप्प बस."

वळणामागून वळण उतरत होतो. माझी बॅटरी संपत आली होती. विझलो तर? सदुसष्ट. सदुसष्टच. मग पासष्ट. तिने माझ्यावरची नजर काढली नाही. बहात्तर झाले तेव्हा कुठे काकांनी श्वास सोडला. खालच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..."

आता मी पुन्हा खणात आहे. खण उघडला की अजून धस्स होतं. पण ती नेलपॉलिश लावायला बसते तेव्हा मी फटीतून बघतो. नऊ नखं रंगवते. दहावं कोरं ठेवते.

"एक राहिलं की," नवरा म्हणतो.

"राहू दे," ती म्हणते. "ते थापाड्याचं."