शिगेचं माप

"निर्वासितांच्या खर्चाचा तिसरा हिस्सा कापायचा म्हणजे कापायचा, लाउ. बॉम्बपासून लपायला बोगदे खणायचेत, तोफा घ्यायच्यात. नाहीतर त्यांची एक छावणी बंद." साहेबांनी अंदाजपत्रकाचा मसुदा पुढे सरकवला.

हाँगकाँगच्या त्या सरकारी कचेरीत लाउ पाकहेई बावीस वर्षं असे मसुदे सुवाच्य अक्षरात उतरवत होता. हद्दीपलीकडे जपान्यांनी कँटन घेतलं, तशी माणसं गाठोड्यांसकट इकडे लोटली. त्यांतच त्याची थोरली बहीण युकलान आली. लाउच्या खोलीत सात माणसं. तिची चटई अंथरायला जागा नव्हती, म्हणून ती छावणीत. छावणी बंद, म्हणजे ताई रस्त्यावर.

"साहेब, छावण्या राहू द्या," तो चाचरत म्हणाला. "तांदूळ देताना डब्यावर मोठी शीग येते. बांबूची पट्टी फिरवून माप सपाट केलं, तर तेवढं वाचेल."

वडिलांच्या तांदळाच्या दुकानात शिकलेलं होतं ते.

"अरे वा! पक्का वाणी आहेस की!" साहेब हसले.

महिन्याभरानं, रविवारी, तो छावणीत गेला. पोत्याशी ताईच बसली होती, हातात पट्टी. मनगटं काटकीसारखी झालेली.

"जेवलास का रे?"

"हो."

"खोटं! कान बघ कसे लाल झालेत. लहानपणापासून तस्सेच." तिनं पट्टी उचलून दाखवली. "ही बघ, सरकारची भेट. कुण्या मेल्याचं डोकं चाललं कोण जाणे! दुकानात आबांची पाठ वळली की मी शीग ठेवायचे, आठवतं?" आणि ती गुणगुणली,

"पहिलं माप गं देवाला,
वरची शीग उपाशी जिवाला..."

"आजी, आवरा! तुमचं गाणं शिजवून खाऊ का?" रांगेतली एक बाई करवादली.

ताई हसली. भावाकडे वळली, आणि तिचं हसू थांबलं.  त्याचे कान पेटले होते.

ती बराच वेळ त्या कानांकडे पाहत राहिली. मग तिनं स्वतःच्या वाट्याचा डबा भरला. पट्टी फिरवली नाही. तांदूळ त्याच्या रुमालात ओतून गाठ मारली.

"घरी सात जण आहेत. ने."

"ताई, मी..."

"ने म्हटलं ना."

थंडी सरता सरता ती गेली.

वसंतात सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर गेले, तसा तोही गेला. दगडावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. त्यानं डबा शिगोशीग भरून ठेवला. वाऱ्यानं शीग ढळली.

तो गुडघ्यांवर बसला, आणि गवतातला एकेक दाणा वेचून पुन्हा वर ठेवू लागला.