वळणावरचा न दिसणारा पक्षी

आमचे हे सुतार. पाणथळीतून जाणारी तीनशे पावलांची लाकडी वाट यांनीच बांधली. एका रविवारी मला म्हणाले, "चल, पक्षी बघून येऊ." पक्षी हे नुसतं निमित्त. पक्षी बघायच्या मचाणापर्यंत आणखी वाट करायची होती आणि ते काम कुणाला द्यायचं हे तिथल्या व्यवस्थापक बाई ठरवणार होत्या. बाई दर रविवारी पक्षीमित्रांबरोबर फिरायच्या. दुसरं काम हातात नव्हतं, त्यामुळे यांचा जीव टांगणीला लागलेला.

पुढे एक निवृत्त सर, गळ्यात दुर्बीण, काखेत वही. मागे बाई, चार पक्षीमित्र आणि आम्ही दोघं. सर बगळा दाखवत होते, पाणकावळा दाखवत होते. हे मात्र खाली मान घालून वाटेच्या फळ्यांचे स्क्रू बघत होते.

वळणावर सर एकदम थांबले. "शू. ऐकलंत?"

कुर्र-टक.

"हा तिसरा रविवार," सर कुजबुजले. "नुसता ऐकू येतो, दिसत नाही. आपण थांबलो की गप्प, चालायला लागलो की ओरडतो. फार लाजरा आहे. असा पक्षी इथे आजवर कुणी नोंदवलेला नाही. आज मी पक्षीमित्रांच्या पत्रिकेला कळवतोय."

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. तो आवाज आम्ही दोघंही ओळखून होतो. आमच्या घरचा पलंग गेली अकरा वर्षं अगदी याच सुरात बोलतो. सुताराच्या घरचा पलंग, कोण दुरुस्त करणार?

मी यांना कोपराने ढोसलं. हळूच म्हटलं, "गप्प बसा. नंतर येऊन फळी घट्ट बसवून टाका. कुणाच्या बापाला कळणार नाही."

सर वही उघडून आनंदाने तारीख घालायला लागले, तसा यांचा चेहरा पडत गेला.

"सर, लिहू नका," हे म्हणाले. "तो पक्षी मी केलाय."

आणि यांनी वळणावरच्या फळीवर पाय दाबला. कुर्र-टक. पाय उचलला. पुन्हा दाबला. कुर्र-टक.

कुणी हसेना. मला तर पाण्यात उडी मारावीशी वाटली.

"अशा किती फळ्या आहेत?" बाईंनी विचारलं.

"ही एकच. पुरती सुकली नव्हती. उद्घाटनाची घाई होती, म्हणून तशीच ठोकली. सुकल्यावर आकसली आणि सैल झाली. चूक माझी."

बाईंनी वाकून फळी हलवून पाहिली. "काम कसं झालंय विचारलं की सगळे म्हणतात, एकदम झकास. कुठे बिघडलंय ते आपणहून सांगणारे तुम्ही पहिलेच. मचाणाची वाट तुम्हीच करा. आणि लाकूड सुकेपर्यंत उद्घाटनाची तारीख मी ठरवणार नाही."

मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढ्यात सर घसा खाकरून म्हणाले, "फळी पुढच्या रविवारपर्यंत राहू द्या ना. आवाज ऐकायला मी बारा जणांना बोलावून बसलोय."

तेव्हा मात्र सगळे खो खो हसले, सरसुद्धा.

"नाही सर, ते जमणार नाही," म्हणत यांनी खिशातून पेचकस काढला आणि गुडघे टेकले. सरांनी वही माझ्या हातात दिली आणि फळी धरायला खाली बसले.

मी यांच्या कानाशी वाकले. घरी गेल्यावर सांगायचं होतं, पण तेवढा धीर कुठला. म्हटलं, "माझं ऐकलं नाहीत, बरं केलंत."