चोपन्न ठोक्यांची झोप

राहनाळच्या आमच्या गोडाऊनमध्ये माणूस जागा आहे की झोपलाय, हे डोळे बघून ठरत नाही. मनगटावरचा पट्टा ठरवतो. काळजाचे ठोके साठाच्या खाली गेले की ऑफिसात भोंगा वाजतो आणि स्क्रीनवर नावापुढे ‘झोप’ उमटते. तीनदा झोपलात की घरी.

मिलिंद जाडा होता तोवर सगळं ठीक होतं. नुसता बसला तरी ब्याऐंशी ठोके! मग त्याच्या बायकोने, धम्मदिनाने, त्याचा वडापाव बंद केला आणि त्याला वळ गावापासून कामावर रोज चालत धाडलं. पँट दोरीने बांधायची वेळ आली आणि ठोके चोपन्नावर आले. डॉक्टर खूश. म्हणाले, “वजन उतरलं, चालणं झालं, आता काळजाला कमी ठोक्यांत भागतं.”

पण इकडे मिलिंद खोक्यांवर पत्ते चिकटवत होता आणि स्क्रीनवर घोरत होता. सुपरवायझर शैलेश सरांसमोर जाऊन बिचारा शांतपणे म्हणाला, “सर, मी जागा हाय. हा काय उभा हाय.”

सरांनी स्क्रीन पाहिली आणि आमच्याकडे वळून कुजबुजले, “झोपेत बोलतोय. दचकवू नका.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण सरांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोन झोपा लागल्या. धम्मदिनाला दिवस गेलेले, याच महिन्यात मिलिंदची कायम व्हायची पाळी, आणि तिसरी झोप कधीही लागणार.

मग आम्ही पॅकिंगच्या बायकांनी मनावर घेतलं. लग्नात विहिणीला घालतो तशा गाण्यातून शिव्या सुरू केल्या. मिलिंद जरा टेकला की शेवंताकाकी सूर लावायची, “मिलिंदाची मिशी उंदरानं खाल्ली गं, मांजरीनं हुंगून टाकून दिली गं!” तो चिडायचा, ठोके चढायचे. पण आठवड्यातच मेला आमच्या मागून गायला लागला. ठोके पुन्हा साठाकडे उतरायला लागले.

शेवटी मीच त्याच्या कानाशी लागले, “मिलिंद, आज तुला काढतायत म्हनं.”

ठोके सटकन नव्वदवर. शिव्या जुन्या होतात, भीती होत नाही. महिना संपेपर्यंत मी रोज तेच सांगितलं. त्याचा चेहरा सुकला, पण स्क्रीनवर गडी टक्क जागा.

महिना संपला तसं सरांनी सगळ्यांना जमवलं आणि मिलिंदचा हात हातात घेतला. “जागं कसं राहावं, याच्याकडून शिका. आजपासून हा कायम!”

मिलिंदने लांब श्वास सोडला. खांदे सैल पडले. किती दिवसांनी तो हसला, आणि मला एकदम भरून आलं.

तेवढ्यात ऑफिसात भोंगा वाजला.

सरांनी मान वळवून काचेतून स्क्रीन पाहिली. “बघा,” ते हळहळून म्हणाले, “कायम झाला नाही, तोच झोपला.”

मिलिंदचा हात अजून त्यांच्याच हातात होता. त्यांनी तो अलगद खाली ठेवला आणि पट्टा काढून घेतला.