फळ्यावरची नऊ नावं

तिला घरात सगळे फटाकडी म्हणत, कारण ती पेटली की घर दणाणायचं. तीन महिन्यांपूर्वी ती पेटली आणि अजून विझली नव्हती.

तिचे बाबा एकवीस वर्षं एका क्लबात बिलियर्डची खोली सांभाळत होते. टेबलांवरचं हिरवं कापड ब्रशनं साफ करायचं, वाकलेल्या काठ्या बाजूला काढायच्या, खेळणाऱ्यांचे गुण मांडायचे. शिवाय वर्षातून एकदा, कमिटीची निवडणूक झाली की, जिन्याजवळच्या लाकडी फळ्यावर नव्या नऊ जणांची नावं सोनेरी रंगानं लिहायची. हे काम त्यांचं नव्हतंच, अक्षर चांगलं म्हणून गळ्यात पडलेलं. बाबा श्वास रोखून लिहायचे. एरवी त्या नऊ जणांना साहेब आणि मॅडम याशिवाय काही म्हणायची मुभा नव्हती. त्यांची नावं फक्त ब्रशनं घ्यायची.

मग एका साहेबांनी सरबताचा गार ग्लास थेट हिरव्या कापडावर ठेवला. बाबांनी तो उचलून खिडकीत ठेवला, वर ‘माफ करा साहेब’ही म्हणाले. पण साहेबांना झोंबायचं ते झोंबलंच. आठवड्यात कमिटी बसली आणि बाबांच्या हातात एका ओळीचं पत्र पडलं: उद्धट वर्तनामुळे सेवा समाप्त. खाली सही नव्हती. एक गोल निळा शिक्का, झालं.

‘उद्धट’ हा शब्द बाबांना चिकटून बसला. दुसऱ्या दोन क्लबांनी त्यांना बोलावलं, पत्र वाचलं आणि ‘कळवतो’ म्हणून वाटेला लावलं. तो शब्द कुणीतरी मागे घ्यायला हवा होता, नाहीतर बाबा घरात बसून भिंतीएवढे गप्प होणार होते. तसे ते निम्मे झालेच होते.

फटाकडीनं अर्ज लिहिला आणि थेट वकीलकाकूंकडे नेला. वकीलकाकू म्हणजे तिच्या बाकावरच्या मैत्रिणीची आई. पहिलीपासून त्या घरात हिचं येणं-जाणं. काकूंनी लाल पेनानं अर्ज नीट केला, बिस्किटं पुढे केली आणि म्हणाल्या, “विरुद्ध क्लब, एवढंच लिही. माणसांची नावं कशाला? उगाच कटुता.”

फटाकडी घरी उड्या मारत आली. “बाबा, वकीलकाकूंनी स्वतः बघून दिलाय!”

बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. “त्यांनी? मग होईल काहीतरी.”

दोन महिने काही झालं नाही. मग कामगार कोर्टातून अर्ज परत आला. फटाकडी शाळेला दांडी मारून बाबांना घेऊन खिडकीवर उभी राहिली. आतल्या कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला.

“कोणाविरुद्ध आहे हे?”

“लिहिलंय की. क्लबविरुद्ध.”

“क्लब म्हणजे कोण, ताई? कंपनी आहे? संस्था म्हणून नोंदणी आहे?”

फटाकडीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. “नाही साहेब. सभासद जमतात आणि कमिटी चालवते, बस्स.”

“मग कायद्याच्या लेखी क्लब नावाचं कुणी नाहीच. नोटीस कुणाच्या हातात देऊ, बिलियर्डच्या टेबलाच्या?” मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. “ज्यांनी काढलं त्यांच्यावर दावा होतो. त्या दिवशी कमिटीत जे जे होते, त्या सगळ्यांची नावं आणि पत्ते. आत्ताच्या कमिटीची नकोत हं, त्या दिवशीची. आणि काढल्यापासून नव्वद दिवसांत. आज कितवा?”

“सत्त्याऐंशीवा,” बाबा म्हणाले. ते रोज मोजत होते, हे फटाकडीला तेव्हा कळलं.

ती तिथून तडक काकूंकडे धावली. दार मैत्रिणीनंच उघडलं. “काय गं, दांडी? बाईंनी दोनदा विचारलं तुला.”

“नंतर सांगते. काकू, त्या दिवशीच्या कमिटीची यादी मिळेल कुठे? क्लबवर दावा चालतच नाही म्हणे!”

काकू भाजी निवडत होत्या. हात थांबले नाहीत. “जाऊ दे ना आता. गेल्याच आठवड्यात निवडणूक झाली. आमची मुदत संपली, नवे लोक आले. त्यांना काय विचारणार?”

“आमची?”

हात थांबले.

“तुम्ही होतात कमिटीत?”

“अगं बाळा, कमिटी म्हणजे काय, महिन्यातून एकदा चहा प्यायचा आणि...”

“बाबांना काढायला हात कुणी कुणी वर केला?”

“तसं मोजलं नाही कुणी. एकमतानं झालं.” काकूंचा आवाज मऊ होता, अर्जावर लाल पेन फिरवताना होता अगदी तसाच. “व्यक्तिशः कुणाच्या मनात काही नव्हतं. निर्णय क्लबचा होता.”

“क्लब नावाचं कुणी नाहीच, काकू. खिडकीवरच्या कारकुनाला ठाऊक आहे. तुम्ही तर वकील आहात.”

मैत्रीण दारात उभी होती. ती आईकडे बघेना आणि फटाकडीकडेही बघेना, चपलांच्या मांडणीकडे बघत राहिली.

घरी येऊन फटाकडी पेटली ती पेटलीच. “बाबा, त्या कमिटीत होत्या! त्यांनीच तुम्हाला काढलं आणि त्यांनीच अर्ज भलतीकडे वळवला!”

“होत्या की,” बाबा म्हणाले. “नाव मीच लिहिलं ना फळ्यावर. चौथं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“म्हणून तर बरं वाटलं. म्हटलं, आतलं माणूस आपल्या बाजूनं आहे.” त्यांनी सवयीनं टेबलावर हात फिरवून धूळ झाडली. “एकवीस वर्षं दार उघडून धरलं की असं वाटायला लागतं.”

आईनं गॅस बंद केला. “वाटणं पुरे. कागद घ्या.”

बाबांनी कागद घेतला. फळा काही त्यांना आठवावा लागला नाही. ते श्वास रोखून, तशाच वळणदार अक्षरात एकेक नाव उतरवत गेले. पहिलं, दुसरं, तिसरं. साहेब नाही, मॅडम नाही. चौथ्यापाशी पेन थांबलं. त्यांनी ते लेकीपुढे धरलं.

“मैत्रीण तुझी आहे. तुला नको असेल तर आठच जातील.”

“त्या बाईनं हात वर केला तेव्हा कुणी विचारलं होतं का, कुणाची मैत्रीण कोण?” आई म्हणाली.

आईचं बोलणं संपायच्या आत फटाकडी चौथं नाव लिहून मोकळी झाली. अक्षर वाकडं आलं. बाबांच्या ओळीत ते एकटंच वाकडं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, अठ्ठ्याऐंशीव्या, कारकुनानं नावांवरून बोट फिरवलं. नऊ. “पत्ते?”

आठ जणांचे पत्ते बाबांनी क्लबच्या जुन्या निमंत्रणांच्या पाकिटांवरून शोधून आणले होते. चौथ्यासमोरची जागा कोरी होती. फटाकडीनं पेन मागितलं आणि उभ्या उभ्या भरभर लिहिलं: इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार, टपालपेटीचा नंबरसुद्धा.

“बराच पाठ आहे की हो,” कारकून म्हणाला.

“रोज जाते मी तिथे,” ती म्हणाली. मग पेन परत करताना म्हणाली, “जायचे.”

कारकुनानं शिक्का मारला. गोल, निळा. पण याच्या खाली त्यानं सही केली.