जादा पाटा

आमच्या ह्यांनी गाडीला पाटा चढवून आणला तेव्हा आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, वाटलं, घरातला वाटायचा पाटाच कुणाला तरी देऊन टाकला.

"माझा पाटा कुठं नेलास रं?" त्यांनी खाटेवरून विचारलं.

"तुझा नाही, माय. गाडीचा. मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या असतात ना एकावर एक, त्यांना पाटे म्हणतात. दोन्हीकडं एकेक जादा घातलाय."

"त्याच्यावर काय वाटतेत?"

"वाटत नाहीत गं. वजन झेलतो तो."

"मग माझ्या पाट्यानं तरी दुसरं काय केलं?" असं म्हणून सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. तसं तोंड करणं म्हणजे विषय त्यांच्या बाजूने संपला, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

जादा पाट्याचं कारण हिंजवडी. तिथल्या कंपन्यांत वीज गेली की चाकांवरचा भाड्याचा जनरेटर न्यावा लागे. तो आमच्या पिकअपच्या मागे जोडून न्यायचा. महिन्यातून चारदोन खेपा, पण भाजी वाहण्यापेक्षा बरं काम. अडचण एवढीच, की जनरेटर जोडला की गाडी मागून बसायची आणि तोंड वर करायची. पुढचे दिवे रस्त्याऐवजी झाडावरच्या कावळ्यांवर पडायचे, स्टिअरिंग हाताला हलकं लागायचं. मुळा नदीच्या पुलावर एकदा ह्यांनी गाडी थांबवूनच टाकली. म्हणून दापोडीच्या कचरू मिस्त्रीकडून हे काम करून घेतलं.

गाडी छान उभी राहिली. मागून जरा उचललेलीच, नव्या चपला घातलेल्या माणसासारखी.

"रिकामी असली की आपटेल हां," मिस्त्रीने सांगितलं होतं. ह्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. रिकाम्या गाडीत बसून बसून बसणार कोण?

बसणार आत्याबाई होत्या. त्यांच्या कमरेच्या हाडात तो आजार उतरला होता. बरा होणार नव्हता, पण शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात दर मंगळवारी लाईट, म्हणजे किरणांचा शेक, दिली की दुखणं उतरेल, रात्री झोप लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. रिक्षा त्यांना सोसत नव्हती. अँब्युलन्स त्यांना नको होती. "त्या गाडीत बसलं की शेजारी दारात येऊन हात जोडतेत," असं त्यांचं म्हणणं. राहिली आमची पिकअप. पुढच्या सीटवर हे, खिडकीशी मी आणि मधे आत्याबाई, माझ्या खांद्यावर डोकं टाकून.

पाटा चढवल्यानंतरचा पहिला मंगळवार. खडकीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच गतिरोधक आहे. गाडी त्यावरून गेली आणि मागून अशी उडाली, की माझे दात दातांवर आपटले. माझ्या दंडात आत्याबाईंची नखं रुतली. पुढे हॉस्पिटलपर्यंत खड्डा दिसला की नखं आधी रुतायची, खड्डा मागून यायचा.

परतताना त्याच बोलल्या. "उत्तरेश्वरा, रिकामी बैलगाडी बी उडतीच की. तुझा बाप मागं धोंडे टाकायचा. विसरलास?"

हे विसरले नव्हते, त्यांना आठवलंच नव्हतं. माणूस डिझेलवर आला की बैलाचं शहाणपण मागे राहतं. दुसऱ्या दिवशी हे वाळूची पोती भरू लागले. खालच्या श्यामलाताई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "वा! बंगला बांधताय वाटतं? आम्हाला वास्तुशांतीचं सांगा हो."

"सांगू की," हे म्हणाले. "जेवायला नका येऊ पण."

पोती लागली तेव्हा आत्याबाईंनी वरून मला हाक मारली. "कौशे, माझा पाटा बी टाक त्यात. नाहीतरी मिक्सर आल्यापासून तो घरात बसूनच खातोय." तो काळा, खडबडीत दगड आम्ही दोघांनी जिन्यावरून उतरवून पोत्यांच्या मधे ठेवला.

आणि खरंच, गाडी खाली बसली, मऊ झाली. त्यानंतरच्या मंगळवारी आत्याबाईंना जाताना चक्क डुलकी लागली. रात्रीही झोपल्या. सकाळी चहा मागितला, वर त्यात साखर कमी म्हणून मला दोन शब्द सुनावले. मला इतकं बरं वाटलं, की मी उलट उत्तर दिलं.

पण जनरेटर ओढायच्या दिवशी पोती उतरवावी लागायची. आतलं वजन आणि मागचं ओढणं, दोन्ही त्या पाट्यांना झेपणारं नव्हतं. उतरवायची, पुन्हा चढवायची. ह्यांचं वय पन्नाशीपुढचं, पाठ त्याहून म्हातारी. तरी कधी कुरकुर नाही.

मग एका मंगळवारी सकाळीच दत्तप्रसादचा फोन आला. जनरेटर पुरवणारा तो, वयाने आमच्या भाच्याएवढा. आवाज एवढा मोठा, की मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "काका, खूप अर्जंट आहे! बॅकअप डाऊन झालाय, क्लायंट डोक्यावर बसलाय. लगेच निघा प्लीज!"

ह्यांनी पोती जिन्याखाली फेकली. घाईत पाटा तेवढा गाडीतच राहिला. "दुपारच्या आत येतो," म्हणाले. हिंजवडीतून दुपारच्या आत परत येण्याची भाषा करणारा माणूस एकतर नवखा असतो नाहीतर काळजीत. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे हे अडकले ते अडकलेच. इकडे आत्याबाई लुगडं नेसून, केस विंचरून खुर्चीत बसून राहिल्या.

गाडी आली तेव्हा हॉस्पिटलची वेळ टळायला आली होती. "पोती?" मी विचारलं.

"आता वेळ कुठाय? लाईट चुकली तर रात्रभर तळमळेल ती. हळू नेतो."

हळू नेली. खरंच फार हळू नेली. पण एकटा दगड गाडीला काय दाबणार? पुलाच्या अलीकडे रस्ता खणलेला होता. तिथे गाडी उडाली, मागे पाटा पत्र्यावर धाडकन आपटला आणि त्याच वेळी आत्याबाई ओरडल्या. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले.

"चल," थोड्या वेळाने आत्याबाई म्हणाल्या. "चल बाबा, रस्त्यात थांबू नकोस. पण ही शेवटची खेप. मला आता कुठं न्यायचं न्हाई."

हॉस्पिटल करून घरी आल्यावर मी समजावलं. हे पाया पडले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

हे तसेच दापोडीला गेले आणि जादा पाटा काढून आले. दत्तप्रसादला कळवून टाकलं, दुसरा बघ. मग खाटेशी येऊन बसले. "माय, गाडी पहिल्यासारखी मऊ झालीय. येत्या मंगळवारी नुसती बसून तर बघ."

आत्याबाईंचं लक्ष नव्हतं. "पाटा काढलास का रं?"

"काढला ना. तेच सांगतोय."

"मग वर आण की त्याला. पावसात कशाला ठेवलास?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. हसू होतं की काय होतं, मला नाही सांगता येणार. हे खाली गेले आणि तो दगड एकटेच छातीशी धरून जिना चढून आले. आत्याबाईंच्या खाटेजवळ मी त्यावर लसूण-खोबरं वाटलं. वरवंट्याचा आवाज त्या डोळे मिटून ऐकत होत्या. चटणीचं बोट जिभेला लावलं तेव्हा म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

त्यानंतरच्या रात्री कशा गेल्या ते लिहीत नाही. लाईट घेतली असती तर सोप्या गेल्या असत्या, एवढं डॉक्टर म्हणाले. दिवाळीच्या तोंडावर आत्याबाई गेल्या.

श्यामलाताईंनी डोळे पुसत शववाहिनीचा नंबर पुढे केला. हे म्हणाले, "नको. माझी गाडी आहे."

बायका घरीच थांबल्या. मी गॅलरीतून पाहत होते. गल्लीच्या तोंडाशी गाडी जवळजवळ थांबली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मग पुढची चाकं गतिरोधकावर चढली, उतरली. मागची चढली, उतरली. गाडी नुसती झुलली.

माणसं परत आली तेव्हा ह्यांनी घरात येऊन पहिलं मला विचारलं, "तू बघत होतीस ना गं? उडाली नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही उडाली."