तीन नंबर कॉटजवळची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्ची म्हटल्याबरोबर तुम्हाला पुढारी आठवले असतील, तर ते विसरा. माझ्यासाठी आजवर कोणी भाषण ठोकलेलं नाही की पक्ष बदललेला नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका खासगी दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात, तीन नंबरच्या कॉटला लागून मी उभी असते. पेशंटच्या घरचं माणूस माझ्यावर बसतं, डुलक्या काढतं, देवाचं नाव घेतं आणि जेवायची वेळ झाली की डबा उघडतं.

माझा जन्म कुरुंदवाडचा. तिथल्या सयाजी सुतारांनी मला सागवानातून घडवलं. माणूस बोलायला फटकळ, पण कामाला नेटका. माझे हात त्यांनी मुद्दाम रुंद ठेवले. दवाखान्यात बसणाऱ्याला टेकायला काहीतरी लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. थोरल्या डॉक्टरांनी दवाखाना काढला तेव्हा मी माझ्या बहिणींबरोबर टेम्पोतून इथं आले. सुरुवातीला आम्ही बाहेरच्या खोलीत, दारासमोर होतो. येणारा-जाणारा आमच्या पॉलिशचं कौतुक करायचा आणि मीही जरा तोऱ्यातच असायचे.

पुढे रंगीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि आमची रवानगी गच्चीवर झाली. तिथं उन्हापावसानं बहिणींचा निकाल लावला. मी जिन्याच्या आडोशाला होते म्हणून वाचले. पण कोल्हापूरच्या पाहुण्यांचं वजन काही प्लॅस्टिकला पेललं नाही. एकेक खुर्ची मोडायला लागली, तेव्हा झाडलोट करणाऱ्या चिमणाबाईंना माझी आठवण झाली. त्यांनी मला खाली आणलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि एक पाय डगमगत होता त्याला खिळा मारून घेतला. तेव्हापासून मी वॉर्डात आहे.

या वॉर्डात मी बऱ्याच नर्स पाहिल्या. त्यातल्या क्रांती सिस्टरची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

क्रांती राधानगरीकडची. घरी भाताची शेती आणि गोठ्यात म्हशी. तिच्या घराण्यात नर्स झालेली ती पहिलीच, आणि आमचा दवाखाना ही तिची पहिलीच नोकरी. आली तेव्हा काय उत्साह होता पोरीचा! पेशंटला नावानं हाक मारायची, म्हाताऱ्यांची उशी सरळ करून द्यायची. इंजेक्शन देताना गावाकडच्या गमती सांगत बसायची, म्हणजे सुई कधी टोचली ते पेशंटला कळायचंही नाही. मला ती पोर फार आवडायची. जाता-येता माझ्या पाठीवर हात ठेवायची तिला सवय होती.

हळूहळू तिचं हसणं कमी झालं. वॉर्डातली एक नर्स नोकरी सोडून गेली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. शेजारचा वॉर्डही क्रांतीच्याच गळ्यात पडला. पुढच्या ड्यूटीचं माणूस आलं नाही की हिनंच थांबायचं. इकडे सलाईन संपलेलं, तिकडे कोणाला उलटी झालेली, आणि दारात एक पाहुणा पंख्याचा वेग वाढवा म्हणून उभा. डॉक्टरांचा राग, नातेवाइकांचा राग, सगळा शेवटी तिच्याच अंगावर यायचा. माझ्या पाठीवर हात ठेवून ती क्षणभर डोळे मिटायची. तिचा सगळा भार त्या हातावर यायचा आणि ते फक्त मला कळायचं.

एकदा तिनं आमच्या इन्चार्ज विमला सिस्टरांजवळ मन मोकळं केलं. विमला सिस्टर म्हणजे केस पांढरे झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. क्रांती त्यांना म्हणाली, "सिस्टर, मला कामाची भीती न्हाय. पण ह्या गडबडीत माझ्या हातनं कुणाचं तरी वाईट हुईल, ह्याची लई भीती वाटती." तिची मैत्रीण स्वप्नाली नर्सिंग सोडून साड्यांच्या दुकानात लागली होती. साडीची घडी चुकली तर कोणी मरत नाही, असं ती क्रांतीला सांगायची. त्या दुकानात अजून एक जागा होती. क्रांतीच्या मनात ते घोळत होतं. मला वाईट वाटलं. इतक्या मायेचे हात आता साड्या उलगडणार, हे काही मनाला पटेना. पण मला कोण विचारतंय?

मग गणपतरावांचा दिवस उजाडला. हे पेठेतले जुने पैलवान. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी माझ्या कॉटवर दाखल झाले होते. मिशा पिळदार आणि कलप लावून काळ्याकुळकुळीत केलेल्या. त्यांची बायको तानाबाई माझ्यावर बसून होती. ऑपरेशनच्या आधी पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही, हे क्रांतीनं आदल्या संध्याकाळी दोघांनाही बजावून सांगितलं होतं. दोघांनीही माना डोलावल्या होत्या.

आता तुम्हाला कोल्हापूरची रीत ठाऊक असेल. इथं म्हैस कट्ट्यावर येते, समोर धार काढतात आणि तालमीतला गडी तिथंच उभ्या उभ्या तांब्या रिकामा करतो. गणपतरावांची एकही सकाळ त्या दुधावाचून गेली नव्हती. त्या दिवशीही त्यांचा मुलगा अमरसिंह किटली भरून दूध घेऊन आला. तानाबाईंनी पडदा ओढला आणि दबक्या आवाजात लेकाला म्हणाल्या, "असं रिकाम्या पोटी माणसाला ऑपरेशनला सोडायचं व्हय? अंगात ताकद नको?" दुधाचा तांब्या त्यांनी माझ्या हातावर ठेवला. दूध अजून कोमट होतं. मित्रांनो, खुर्चीला हात असतात, पाय असतात, पाठ असते, पण तोंड नसतं. त्या दिवशी मला तोंडाची फार गरज होती. गणपतराव गटागटा दूध प्यायले आणि मी नुसती बघत राहिले.

थोड्या वेळानं क्रांती ऑपरेशनचे कपडे घेऊन आली. आदल्या ड्यूटीपासून ती घरी गेलेलीच नव्हती. काही दिलं का, असं तिनं विचारलं. पाण्याचा थेंबही दिला नाही, असं तानाबाईंनी शपथेवर सांगितलं. गणपतराव छताकडे बघू लागले. स्ट्रेचर आलं. त्यांना उचलायला क्रांती खाली वाकली आणि तशीच थांबली. त्या काळ्याभोर मिशीच्या टोकाला साय चिकटली होती.

"काका, खरं सांगा," ती म्हणाली. "दूध प्यालासा न्हवं?"

पैलवान गडी, खोटं बोलायची सवय नव्हती. "घेतलं जरासं," ते म्हणाले. "तांब्याभर."

स्ट्रेचर जागच्या जागी थांबलं. ऑपरेशनला आलेले सर्जन तयार होऊन उभे होते. ते वॉर्डात आले आणि सगळ्यांसमोर क्रांतीला बोलले. पेशंटवर लक्ष ठेवता येत नसेल तर नर्स कशाला झालीस, असं विचारलं. ते गेले, तर अमरसिंह तावातावानं पुढं आला. त्यानं कामावरून सुट्टी काढली होती, आणि एवढ्याशा दुधानं काय होतं हे कोणी आधी नीट सांगायला नको का, असा त्याचा सवाल होता. काल बजावून सांगितलेलं असूनही सगळा दोष क्रांतीच्या माथी आला. अन्याय म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला सर्जनांचाही राग आला, अमरसिंहाचाही.

माझ्या पाठीवर हात ठेवून ती विमला सिस्टरांना म्हणाली, "आज ड्यूटी संपली की मी जाणार. परत येणार न्हाय. नर्सिंगच नको मला."

विमला सिस्टरांनी तिला समजावलं नाही की रागावल्याही नाहीत. "तुला हे काम नको आहे, की असं काम नको आहे?" एवढंच त्यांनी विचारलं. "दोन्ही वेगळं आहे, क्रांती. नीट विचार कर. तू जे ठरवशील त्यात मी तुला अडवणार नाही."

तानाबाई हे सगळं ऐकत होत्या. इतका वेळ दूध हे त्यांच्या दृष्टीनं दूधच होतं. आता त्यांनी खालच्या आवाजात क्रांतीला विचारलं, की त्या दुधानं नेमकं काय झालं असतं. डोळ्यांत पाणी असतानाही क्रांतीनं त्यांना नीट समजावून सांगितलं. भुलीत असताना पोटातलं दूध वर येतं आणि श्वासाच्या नळीत जातं. मग माणूस टेबलावरून उठेलच, असं नसतं.

तानाबाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्यावरून उठल्या, क्रांतीचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "बस."

"न्हाय काकी, पेशंट हाईत. आम्हाला बसून चालत न्हाय."

"मी सांगतीया न्हवं. बस."

आणि क्रांती बसली. इतके महिने तिचा हात माझ्या पाठीवर असायचा, पण ती माझ्यावर बसली ती पहिल्यांदाच. पोर किती हलकी होती! माझ्या हातांवर दोन्ही हात टेकून ती पोटभर रडली. सयाजी सुतारांनी ते हात रुंद केले याचं मला त्या वेळी फार बरं वाटलं.

तानाबाईंनी लेकाला हाक मारली ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेली. "अमर, जा, त्या डाक्टरास्नी सांग. दूध मी पाजलंय. खोटं मी बोललीया. ह्या पोरीनं माझं कुंकू राखलंय."

अमरसिंह खाली मान घालून गेला. सर्जन परत आले. त्यांनी माफी वगैरे काही मागितली नाही. ऑपरेशन उद्या करू म्हणाले आणि जाता जाता क्रांतीकडे बघून, वेळेवर पकडलंस ते बरं केलंस, असं पुटपुटले. त्यांच्याकडून तेवढंच निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं. ते वॉर्डात परत आले, तेव्हा क्रांतीनं विमला सिस्टरांना उत्तर दिलं. "सिस्टर, मला असं काम नको." एका ड्यूटीला जोडून दुसरी ड्यूटी नको आणि एकटीच्या गळ्यात दोन वॉर्ड नकोत, एवढंच तिचं मागणं होतं. विमला सिस्टर तिच्याबरोबर ऑफिसात गेल्या. बघू, करू, असं उत्तर मिळालं. महिना गेला, पण कोणी बघितलं नाही आणि काही केलंही नाही. मग क्रांतीनं राधानगरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी धरली आणि इथला राजीनामा दिला. साड्यांचं दुकान तिच्या मनातून केव्हाच गेलं होतं.

खरं सांगते, आधी मला राग आला. आपली माणसं अशी सोडून जातात का, असं वाटलं. पण तिच्या जागी ऑफिसनं आठवड्याच्या आत दोन मुली नेमल्या. ती असताना जे जमत नव्हतं, ते ती गेल्यावर बरोबर जमलं. ते बघून माझा राग क्रांतीवरून निघून ज्याच्यावर जायला हवा होता त्याच्यावर गेला. तिनं योग्य तेच केलं होतं. थकून सगळंच सोडण्यापेक्षा तिनं जागा सोडली आणि काम राखलं.

मित्रांनो, मी आता बरीच जुनी झाले आहे. खिळा मारलेला पाय पुन्हा कुरकुरतो. कोणी पॉलिश केलं तर मी नाही म्हणणार नाही. पण माझं मागणं वेगळंच आहे. कधी तुमच्या घरचं माणूस दवाखान्यात असेल आणि तुम्ही माझ्यासारख्या एखाद्या खुर्चीवर बसलेले असाल, तर सिस्टर काही विचारेल तेव्हा तिला खरं सांगा. आणि उठून तिला खुर्ची द्या. ती बसणार नाही, तिला तेवढा वेळ नसतो. तरीही द्या.