नगराध्यक्षावरची नऊ पदं

नगराध्यक्ष झाल्यापासून वेन्सेस्लाओला आपल्यावर कोणी हसलेलं सोसत नाही, ही त्याच्या आईची, दोन्या प्राक्सेदिसची तक्रार होती. तीही मनात ठेवायची नव्हे. भट्टीपुढे उभं राहून, पिठाचे हात कमरेवर ठेवून, पाव न्यायला येईल त्याला ऐकवायची. "लोकांना हसून हसून हा मोठा झाला. आता लोकांनी दात दाखवले तर ह्याच्या पोटात कळ येते."

खोटं नव्हतं. सान ओनोफ्रेत मेलेल्यांच्या दिवसाला कवटीपदांचा कागद निघतो. जिवंत माणसाला पद्यात मारायचं, मरणबाई त्याला कशी न्यायला आली ते सांगायचं, आणि खाली आपलं नाव घालायचं नाही. अकरा वर्षं त्या कागदातली सगळ्यांत तिखट पदं वेन्सेस्लाओची. पाव भाजता भाजता रचायचा. चार नगराध्यक्ष मारले, दोन पाद्री मारले, औषधवाला तर दरवर्षी. म्हातारा क्रेसेन्सियो नगराध्यक्षाच्या खुर्चीवर असताना आपल्यावरचं पद लग्नकार्यात स्वतःच म्हणून दाखवायचा.

आईलाही त्याने सोडलं नव्हतं. मरणबाई दोन्या प्राक्सेदिसला न्यायला आली, तर दोन्याने तिचीच हाडं साबणाने घासून दोरीवर वाळत घातली, असं ते पद. बाजारात वर्षभर लोक विचारायचे, "दोन्या, साबण आहे का?" चार दिवस तिने लेकाला वाढलं नाही. कागद मात्र नवऱ्याच्या फोटोमागे जपून ठेवला.

आणि आता ह्याच वेन्सेस्लाओने कचेरीच्या दाराला नोटीस लावली होती: ह्या वर्षीची पदं छापण्याआधी तपासणीसाठी आणावीत. वृत्त दुरुस्त करून परत मिळतील.

मेलेल्यांच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, एक तारखेला सकाळीच छापखान्याचा तिबुर्सियो पडेल तोंडाने भट्टीवर आला.

"एकतीस पदं आत गेली, दोन्या. बावीस बाहेर आली."

"नऊ कुठली राहिली?"

"साहेबांवरची. दुपारपर्यंत सुटली नाहीत तर मी कागद काढत नाही. औषधवाल्याला मारायचं आणि नगराध्यक्षाला राखायचं, मग लोक मलाच मारतील. आणि पद्यात नाही."

"एखादं म्हण बघू."

तिबुर्सियोला छपाईचे खिळे जुळवताना सगळी पाठ झालेली. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि म्हटलं:

*मरणबाई कचेरीत आली वेन्सेस्लाओला न्यायला,*
*शिपाई म्हणाला, उद्या या, साहेब बसलेत जेवायला.*

दोन्या हसली नाही, पण तिच्या पोटावरचं एप्रन हललं. "आणि ते?" तिने हळूच विचारलं.

"तुमचं? ते तर आधी ठेवून घेतलं. कोणी लिहिलं म्हणून मला तीनदा विचारलं. मी बोललो नाही."

दोन्याला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं होतं आणि तिबुर्सियोने उतरवलं होतं. साबणाच्या पदाचा हिशेब सात वर्षं चुकवायचा राहिला होता. तिने परडीत ह्या सणाचे दोन ताजे पाव ठेवले, वर पिठाची हाडं लावलेले, आणि निघाली.

कचेरीत लोक रांगेत बसले होते. एउलालिया लेखनिक उठून आडवी आली. "साहेब कामात आहेत, दोन्या. भेटीची वेळ घेतलीत?"

"घेतली ना. अडतीस वर्षांपूर्वी, दोन दिवस कळा देऊन."

एउलालिया बाजूला झाली.

वेन्सेस्लाओ लाल पेन्सिल घेऊन पदांवर वाकला होता. "बरं झालं आलीस, आई. हे ऐक, किती सुधारलंय." त्याने वाचलं. त्यात मरणबाई गुडघे टेकून रडत होती आणि त्याने लिहिलेल्या कादंबरीवर सही मागत होती.

"ही कोण बाई?" दोन्याने विचारलं.

"मरण, आई."

"आपल्या गावची नाही ती."

त्याने पेन्सिल ठेवली आणि दौतीखालचा एक चिठोरा ओढला. "मला ह्याच्या धन्याला शोधायचंय. औषधवालाच असणार." आणि दात आवळून वाचलं:

*वेन्सेसला नेता नेता बाईने पुस्तक घेतलं चाळायला,*
*तिसऱ्या पानावर घोरली, वेन्सेस लागला पळायला.*

"कचेरीवर काय ते बोला. खड्ड्यांवर बोला. पुस्तक कशाला मध्ये? त्याने ते वाचलेलंसुद्धा नसणार."

"तीन पानं ऐकलीत मी," दोन्या म्हणाली. "एक माणूस पावसात दारात उभा. तिसऱ्या पानावरही उभाच."

"तो वाट बघतोय, आई."

"दार उघडं होतं ना? मग आत यायला त्याला काय झालं?"

"तुला कोणी वाचून दाखवलं?"

"तिबुर्सियोने. दोनदा. दोनदा झोपले."

वेन्सेस्लाओने चिठोऱ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग परत चिठोऱ्याकडे.

"दुसरी ओळ लंगडते," तो शेवटी म्हणाला.

"झोपेतून उठून पळायचं म्हणजे लंगडणारच."

तो हसला नाही. "चारशे पानं, आई. सहा वर्षं." बोटांना शाई होती, लहानपणी पीठ असायचं तशी, नखांपर्यंत. दोन्याला क्षणभर वाटलं, तीनऐवजी दहा पानं म्हणायला हवी होती. मग तिने पाव त्याच्यापुढे ठेवला.

"उद्या तुझ्या बापाच्या थडग्यावर झेंडू घालून बसलो की काय वाचणार आहेस? मला वाचता येत नाही. दरवर्षी तूच कागद वाचतोस आणि त्याला तो ऐकू जातो. ह्या वर्षी त्याला नोटीस वाचून दाखवणार?"

वेन्सेस्लाओने पावाचं एक हाड मोडलं आणि चावत बसला. मग नऊही पदं जशी आली होती तशी काढली, आपले दुरुस्तीचे कागद टराटरा फाडले आणि प्रत्येकावर शिक्का मारला. शेवटच्यावर मारताना डावा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे गेला. दोन्याने ती उचलून आपल्या वेणीत खोचली.

पदं परडीत टाकून तिने दार सताड उघडलं. रांगेतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. तिला तेच हवं होतं.

"वेन्सेस्लाओ," ती म्हणाली, "लेखक म्हणून तू मला झोप आणतोस आणि नगराध्यक्ष म्हणून माझी झोप उडवतोस. पाव मात्र चांगला भाजायचास. उद्या थडग्यावर एक ओळ जरी गाळलीस, तर पुढच्या वर्षी तुझ्यावर मी एकटीच तीस पदं सांगेन."